घंटा वाजली की बंदूक रिकामी

माझी बायको लेओना गेली त्या दुपारी इर्मा स्टाउटनं चर्चची घंटा वाजवली आणि डोंगरातल्या बंदुका गप्प झाल्या. रानकोंबड्यांचा हंगाम चालू होता, सकाळपासून वर कुठेकुठे बार निघत होते. घंटेनंतर एकही निघाला नाही. मी स्वयंपाकघरात उभा होतो. घंटा थांबल्यावरही तिचा आवाज बराच वेळ कपबशांत राहिला, असं मला वाटलं. बशीला हात लावून पाहिला. बशी गार होती, थरथरत नव्हती.

आमच्या गावाचा हा जुना नियम होता. गावात कोणी गेलं की घंटा वाजते. ती वाजल्यापासून दफन होईपर्यंत गावाच्या हद्दीत कोणी भरलेली बंदूक बाळगायची नाही. गोळ्या काढून खिशात ठेवायच्या. दफन झालं, खड्डा बुजला, की घरातल्या सगळ्यांत जवळच्या माणसानं कबरस्तानाच्या कुंपणापाशी उभं राहून एक गोळी डोंगराच्या पोटात झाडायची. मग सगळे मोकळे.

असा नियम करायला कारण होतं. आमचं कबरस्तान रानाच्या कुशीत आहे, तीन बाजूंनी डोंगर. माझे आजोबा लहान असताना एका दफनाच्या वेळी वरच्या झाडीतून कोणीतरी हरणावर मारलेली गोळी खाली आली आणि पेटी खांद्यावर घेतलेल्या माणसाला लागली. एका खड्ड्याशेजारी दुसरा खणावा लागला. त्याच हिवाळ्यात गावच्या कौन्सिलनं नियम लिहिला, आणि पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला फळी लावली. ‘घंटा वाजली की बंदूक रिकामी.’ अक्षरं उन्हापावसानं उडायची. दर वसंतात लेओना खुर्चीवर चढून ती परत रंगवायची. पिवळा रंग तिच्या नखांत आठवडाभर राहायचा.

आमची मुलगी टेस उत्तरेला मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकीण आहे. जहाज बंदराला लागून ती घरी पोचेपर्यंत पुढचा बुधवार उजाडणार होता. मी अंत्यविधीवाल्या बोहनला सांगितलं, बुधवारीच करू. आई पुरताना मुलगी हवी.

मधे सोमवार येतो, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा पहिला सोमवार म्हणजे आमच्याकडे हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, न्हाव्याचं दुकान बंद. पहाटे बंबखान्याच्या हॉलमध्ये बकव्हीटची धिरडी आणि सॉसेज खाऊन सगळा गाव नारिंगी टोप्या घालून रानात. मंगळवारी ज्याचा तो कामावर. म्हणजे हिवाळ्याचं मांस त्या एका दिवसात फ्रीझरमध्ये पडतं, नाहीतर पडत नाही. घंटा आणि पहिला सोमवार एकत्र आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आमच्याकडे माणसं हंगाम सांभाळून मरतात, असं लोक गमतीनं म्हणायचे.

थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी कर्टिस आला. हा लेओनाच्या बहिणीचा मुलगा. ट्रकच्या गॅरेजात काम करतो, आणि शिकारी मंडळाचा यंदाचा प्रमुख आहे. त्याच्या बायकोनं टर्कीचं ताट पाठवलं होतं. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“काका, बसू का?”

“बस. कॉफी आहे, पण ती मी केलीय.”

“मग राहू दे.”

तो बसला, टेबलावरच्या मीठदाणीशी खेळत राहिला. लेओना त्याच्या मागं ओट्याशी उभी आहे असं मला वाटत होतं. त्या दिवसांत ती कुठेना कुठे असायचीच. मी तिकडे सरळ बघायचो नाही. बघितलं की नसायची.

कर्टिसनं हळूहळू सांगितलं. मंडळाची बैठक झाली होती. नदीपलीकडचे, शहरातून येऊन रानात झोपड्या घेतलेले, सगळे होते. बुधवारपर्यंत थांबायला ते तयार नव्हते, आणि त्यांना थांबवायचा अधिकार गावाला नाही असं त्यांचं म्हणणं होतं. राज्यानं कायदा केलाय. बंदुकीबद्दल नियम करायचा तो राज्यानं. गावानं, शहरानं, जिल्ह्यानं आपला वेगळा नियम ठेवायचा नाही. ठेवला तर कोणीही कोर्टात जाऊ शकतो. मंडळानं तसं कौन्सिलच्या वकीलबाईंना कळवलं होतं, आणि कळवणारा प्रमुख म्हणून कर्टिस होता.

कौन्सिलचा अध्यक्ष मी. हे त्याला माहीत होतं, म्हणून तो आधी घरी आला.

“मला मावशीच्या विरुद्ध काही करायचं नाही,” तो म्हणाला.

“मग कोणाच्या विरुद्ध करतोस?”

“फळीच्या.”

त्यानं त्याच्या मेव्हण्याची गोष्ट काढली. मला ती माहीत होती. मेव्हणा नदीपलीकडचा. मागच्या वर्षी ओढ्याच्या वरच्या अंगानं रानातून आमच्या हद्दीत आला. तिकडे फळी नाही. वारा उलटा होता, घंटा त्याला ऐकू गेली नाही. आमच्या शिपायानं त्याला भरल्या बंदुकीसकट धरलं आणि दंड केला.

“त्यानं जन्मात कोणाचं वाकडं केलं नव्हतं, काका. वाऱ्यामुळं गुन्हेगार झाला. इथून सरोवरापर्यंत गाडीनं जायचं तर सहा-सात गावं लागतात. प्रत्येकाची आपापली घंटा असली तर माणसानं काय कान लावून गाडी चालवायची?”

मी म्हणालो, हंगाम राज्य ठरवतं, परवाना राज्य देतं, टोपीचा रंगसुद्धा राज्य सांगतं. ही एवढी एकच गोष्ट आमची होती. तो म्हणाला, हो. मग त्यानं टर्कीचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि टोपी घातली.

मला काय हवं होतं ते सांगतो. ती जमिनीत जाईपर्यंत डोंगर गप्प राहावा. चाळीस वर्षं तिनं त्या फळीला रंग दिला. दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी दिला. तिची पाळी आली तेव्हा नियम उपटून टाकायचा आणि ती बोहनकडे पेटीत पडलेली असताना वर धडाधड बार सुरू व्हायचे, हे माझ्यानं ऐकवलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी बंबखान्याच्या हॉलमध्ये कौन्सिल बसलं. धिरड्यांसाठी टेबलं आधीच मांडली होती, कागदाचे टेबलक्लॉथ घातले होते, त्यांवर हरणांची चित्रं. वकीलबाई मिस प्रुइट जिल्ह्याच्या गावाहून बर्फातून गाडी चालवत आल्या. त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी कायदा समजावून सांगितला, मधेमधे नाक पुसत. वाईट बाई नव्हती. नियम ठेवायच्या बाजूनं जे हात वर करतील, त्यांच्यावर व्यक्तिशः दावा लागू शकतो आणि गावाला त्यांचा खर्च उचलता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, “घंटा वाजवायला राज्याची हरकत आहे का?”

“घंटेला नाही.”

“शोक करायला?”

“नाही, मिस्टर डेट्रिक,” त्या म्हणाल्या. “फक्त बंदुकीला.”

मागच्या बाकांवर झिग्लर बसला होता. झिग्लर आमचा न्हावी. तो म्हणाला, राजधानीतल्या लोकांना आमचं कबरस्तान बघायला आणा, मग बोला. मिस प्रुइट म्हणाल्या, कायदा एका कबरस्तानासाठी केलेला नाही. हेच तर म्हणतोय, झिग्लर म्हणाला. कर्टिस त्याच्याच शेजारी बसला होता. तो मांडीवरची टोपी फिरवत राहिला.

मत घेतलं. आमच्यातला एक जण दवाखान्यात होता, उरलो पाच. दोघं काढायच्या बाजूनं, दोघं ठेवायच्या. ठेवायच्या बाजूनं इर्मा स्टाउटनं हात वर केला तो खाली घेईना. “लावू देत दावा,” ती म्हणाली. “घर घेतील ना? छप्पर गळतं त्याचं. तेही घेऊन जा म्हणावं.” लोक हसले. मी तिच्याकडे बघितलं. इर्मा एकटी बाई, गुडघे गेलेले, तरी घंटेच्या दोरीला लोंबकळायला जाते. ते घर तिच्या नवऱ्यानं हातानं बांधलेलं. ती गंमत करत नव्हती. तिनं खरंच घर दिलं असतं.

तिचं घर लेओनासाठी घ्यायचं का, एवढाच प्रश्न उरला. मी काढायच्या बाजूनं हात वर केला.

बाहेर पडताना इर्मा माझ्या शेजारून गेली. “लेओनासाठी तरी, ऑर्लो,” एवढंच म्हणाली. मी तिला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला तिथंच झोडपलं असतं.

शनिवारी मी स्वतः जाऊन फळी काढली. दुसऱ्या कोणाला सांगायचं नव्हतं. स्क्रू गंजले होते, वेळ लागला. बर्फ भुरभुरत होता. पुलावरून एक गाडी आली, हळू झाली, आणि न थांबता गेली. फळी काढल्यावर खांबावर तिच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली. मी फळी काखेत धरून घरी आणली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली. अक्षरांच्या कडेला लेओनाचा ब्रश कुठे थबकला ते दिसत होतं.

त्याच दिवशी जमीन गोठायच्या आत बोहनच्या माणसांनी खड्डा खणून वर ताडपत्री टाकली.

रविवारी चर्चहून आल्यावर मी खुर्चीत बसलो आणि दुपार तशीच माझ्यावरून गेली. खिडकीत बर्फाचा उजेड होता. त्या उजेडात वेळ कळत नाही. लेओना खिडकीशी आली. अंगात झोपायचा झगा, डोक्यावर नारिंगी टोपी. ती डोंगराकडे बघत होती.

“पहिला सोमवार आला का, ऑर्लो?” तिनं विचारलं.

हे ती शेवटच्या दिवसांतही विचारायची. पलंगावर पडल्यापडल्या, डोळे मिटलेले. पहिला सोमवार आला का. मी म्हणायचो, नाही अजून, झोप तू. मला वाटायचं औषधामुळं बरळतेय.

“उद्या,” मी म्हणालो.

“खिडकी उघडी ठेव मग.”

मी जागा झालो तेव्हा खिडकी बंद होती आणि खोली गार पडली होती. मी उठून शेगडीत लाकूड घातलं. फळी भिंतीशी होती. मी ती उलटी करून ठेवली.

सोमवारी मी नेहमीसारखा अंधारात उठलो. बंबखान्याकडे गेलो नाही. तिथून धिरड्यांचा वास आणि गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज आले, मग गाड्या डोंगराकडे गेल्या. मी खिडक्यांचे पडदे ओढले, रेडिओ लावावा का असा विचार केला. मला बार ऐकायचे नव्हते. मी टेबलाशी बसून कपाला दोन्ही हातांनी धरून राहिलो, जसा माणूस दणक्याची वाट बघतो.

पडद्याची कड उजळली. दरवर्षी याच घटकेला डोंगर तडकतात. आधी एक, मग तीन, मग मोजता येत नाहीत इतके.

काही झालं नाही.

पडदा आणखी उजळला. शेगडीतलं लाकूडसुद्धा आवाज करत नव्हतं. मला वाटलं माझे कान गेले. असं होतं म्हणे, दुःखानं. मी चमचा कपावर वाजवून पाहिला. टिंग झालं. चांगलं ऐकू आलं.

मी कोट घालून बाहेर आलो. बर्फ थांबला होता. सगळं पांढरं आणि इतकं शांत, की चालताना पायाखालचा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटत होता. घंटा अजून कुठेतरी वाजतेच आहे आणि आपण तिच्या पोटात चालतोय, असं काहीतरी वाटलं. मी रस्त्यानं कबरस्तानाकडे गेलो.

कुंपणाच्या दगडावर कर्टिस बसला होता. नारिंगी टोपी, मांडीवर बंदूक. बंदूक उघडी होती. आतल्या खाचेत बर्फ पडला होता.

“काय करतोस इथं?” मी विचारलं.

“बसलोय.”

“नियम गेला. शुक्रवारीच गेला. मीच हात वर केला, तू बघितलास.”

“बघितला.”

“मग?”

तो डोंगराकडे बघत होता. मीही बघितलं. आधी काही दिसलं नाही. मग झाडांत एक नारिंगी ठिपका दिसला, मग आणखी एक, वरच्या अंगाला चार-पाच. पानगळ झालेल्या रानात कोणी दिवे लावून ठेवून विसरून गेल्यासारखे. कोणी हलत नव्हतं.

“नदीपलीकडचेसुद्धा?” मी विचारलं.

“तेसुद्धा. सकाळी धिरडी खाताना कोणी काही बोललं नाही. मी कोणाला सांगितलं नाही, काका. कोणी कोणाला सांगितलं नाही. झिग्लर समोर बसला होता, त्यानं गोळ्या खिशात टाकल्या. मग मीही टाकल्या.”

“आणि शिक्षा काय, न टाकल्याची?”

“काही नाही. तेच तर.” त्यानं नाक ओढलं. “सक्ती होती तेव्हा भांडता येत होतं. आता कोणाशी भांडू? तुम्ही गोळी झाडली नाही अजून.”

तो हे इतक्या वैतागून म्हणाला की मला हसू यायला लागलं. त्यालाही आलं. म्हणाला, मघाशी झिग्लरच्या बुटांजवळून एक मोठा नर गेला, शिंगं अशी, आणि झिग्लर त्याच्याकडे बघत बसला, एवढा चेहरा करून. आणि शहरातले ते दोघं झाडावर मचाण बांधून बसलेत, खाली उतरायलाही घाबरतात.

आम्ही बोलत असताना वरच्या झाडीतून एक मादी खाली आली. कबरींच्या मधून चालत लेओनाच्या खड्ड्यापाशी गेली, ताडपत्रीचा वास घेतला. कर्टिसनं बंदुकीला हातसुद्धा लावला नाही. ती शेपूट उडवून कुंपण ओलांडून गेली. त्याच्या घरी दोन पोरं आहेत. फ्रीझर रिकामा आहे, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं होतं.

मला जे हवं होतं ते माझ्यासमोर होतं. सगळा डोंगर गप्प. न सांगता, न फळी लावता. दिवसभर ते असेच बसले असते, मला खात्री आहे, आणि मग मंगळवारी रिकाम्या हातांनी कामावर गेले असते.

मी तिथं उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की पहिल्या सोमवारी असा शांत डोंगर मी लेओनाबरोबर कधी ऐकलाच नव्हता.

दर पहिल्या सोमवारी ती काय करायची? गुडघे धरले तशी तिनं रान सोडलं, पण पहाटे कॉफी घेऊन ओसरीवर उभी राहायची. झग्यावर माझा कोट, डोक्यावर नारिंगी टोपी. आणि कान देऊन मला सांगायची. कोणाची बंदूक कशी बोलते हे तिला पाठ होतं. हा बोहन, जुनी बंदूक, खोकते बघ. हा कर्टिस. लागला. हा झिग्लर. चुकला. झिग्लर नेहमी चुकायचा. ती हसायची ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

शांतता मला हवी होती. तिला सोमवार हवा होता. पलंगावर पडल्यापडल्या ती बरळत नव्हती.

“थांब इथंच,” मी कर्टिसला म्हणालो, आणि घरी गेलो. तिची बंदूक कपाटात कोटांच्या मागं होती. हलकी, तिच्या बापानं दिलेली. मी ती वर्षानुवर्षं हातात घेतली नव्हती. दस्त्यावर गाल टेकतो तिथं लाकूड गुळगुळीत झालं होतं. बाहेर पडताना मी पडदे उघडले आणि ओसरीकडची खिडकी वर सरकवली.

परत आलो तेव्हा कर्टिस उठून उभा राहिला. बंदूक बघून त्याला कळलं.

“काका, खड्डा अजून उघडा आहे. बुधवारी करायचं ते.”

“माहितीये.”

“असं कोणी केलेलं नाही.”

“नियम नाही ना आता?” मी म्हणालो. “मग राज्याला विचार, कधी झाडायची ते.”

त्यानं टोपी काढली.

बुधवारी मात्र सगळ्यांनी रिकाम्या बंदुका आणायच्या, टेससमोर एकही बार नको, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हे सांगायला हवं का. मी म्हणालो, नाही, तरी सांगतो.

मी कुंपणाशी उभा राहिलो, जिथं सगळ्यांचे जवळचे उभे राहतात तिथंच. समोर डोंगराचा मातीचा उतार, तिथं झाडं नाहीत. गोळी भरली. गाल त्या गुळगुळीत जागेवर टेकवला. लाकूड गार होतं, मग राहिलं नाही.

झाडली.

आवाज उताराला लागून परत आला, मग दुसऱ्या डोंगराला लागून, मग लांब गेला. मी बंदूक खाली केली. वरचे नारिंगी ठिपके हलले. कोणीतरी उभं राहिलं. कर्टिसनं बंदुकीतला बर्फ फुंकून काढला, माझ्या खांद्याला हात लावला आणि झाडीकडे गेला.

मी सावकाश घरी आलो. ओसरीवर उभा राहिलो. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. कॉफी करायला हवी होती असं वाटलं, पण आत गेलो नाही.

वरच्या अंगाला एक बार झाला. ओला, लांबलेला आवाज. मी कान दिला. मला तिच्यासारखं ओळखता येत नाही, कधीच येत नव्हतं. पण हा ओळखता आला.

“झिग्लर,” मी खिडकीशी म्हणालो. “चुकला.”